मागे राहिलेल्या यात्रिकाचे कथन : ‘स्मृतिचित्रे’ आणि श्रद्धेचा प्रवास

कुंभकोणमजवळच्या तिरुक्करुगावूर येथे गर्भरक्षांबिकेच्या दर्शनास येणारी स्त्री पुष्कळदा दोन वेळा येते. एकदा मागणे घेऊन, दुसऱ्यांदा मूल घेऊन. मंत्रवलेले तूप आणि बाळंतपणासाठीचे एरंडेल ती प्रसाद म्हणून घरी नेते. या यात्रेला आरंभ आहे तशी पूर्तीही आहे. जिची अशी पूर्ती दाखवता येत नाही, त्या श्रद्धेचे कथन कोणत्या रूपात होते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर याच कावेरीच्या खोऱ्यात आहे. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या हाताखाली वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४) आणि पुढे तंजावरचे राजे झालेले सरफोजी दुसरे (१७७७–१८३२) हे दोघेही शिकले. शास्त्रींनी ‘बेत्लेहेम कुरवंजी’त ख्रिस्तभक्ती गायिली, सरफोजींनी तेच नाट्यरूप मराठीत घेऊन ‘देवेंद्र कुरवंजी’त जगाचा भूगोल मांडला. राजांनी धर्म बदलला नाही; परंतु १७९८ मध्ये निवर्तलेल्या गुरूचे संगमरवरी स्मारक फ्लॅक्समनकडून घडवून घेतले आणि त्यात मृत्युशय्येपाशी स्वतः राजे आहेत. श्रद्धेच्या उंबरठ्याशी असे आयुष्यभर उभे राहणे हीही एक स्थिती आहे, आणि आपल्या धर्मांतरविषयक समीक्षेने तिची पुरेशी दखल घेतलेली नाही.

प्रवासाचा प्रबळ साचा मात्र बनियनचा (१६७८). मराठीत हरी केशवजींनी तो १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ म्हणून आणला. तमिळमध्ये कृष्ण पिळ्ळै यांनी, वैष्णव काव्यसंस्कार सोबत घेऊन, ‘रक्षण्य यात्रिकम्’ (१८९४) हे महाकाव्य रचले. या साच्यात नायक बायकामुलांना मागे ठेवून निघतो. पत्नीची यात्रा बनियनने दुसऱ्या भागात (१६८४) सांगितली; ती पतीच्याच वाटेने जाते आणि तिची कथाही दुसराच कोणी सांगतो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे मोल येथे कळते. प्रभावाचा दावा मी करीत नाही. तुलना रचनेपुरती आहे. नारायण वामन टिळकांच्या धर्मविचारास आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने दिलेल्या बायबलामुळे वळण लागले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. एका दिवसाची ही घटना. पण मागे राहिलेल्या पत्नीच्या वाट्याला त्यातून काही वर्षांचा विरह आला. पुढे त्या पतीकडे आल्या त्याही सोवळे सांभाळून. वेगळी चूल, वेगळे पाणी. जातिभेद माणसांनीच केलेला आहे हे त्यांना उमगले आणि सोवळे सुटले. बाप्तिस्मा १९०० मध्ये, त्यानंतर. म्हणजे सिद्धान्ताच्या आधी पाण्याचा घोट आला. ‘साक्षात्कार’ हा शब्द या क्रमाला लावणे मला जड जाते. लक्ष्मीबाई स्वतःच्या भित्रेपणावर, टिळकांच्या लहरीपणावर हसतात, आणि या हसण्यामुळे त्यांची श्रद्धा प्रचारकी होत नाही. बनियनच्या रूपकात प्रत्येक संकटाला आधीच नाव दिलेले असते. येथे घटना आधी घडते. तिचा अर्थ पुष्कळ मागाहून, कधी तर वृद्धपणी लिहिताना लागतो.

टिळकही थांबलेले नव्हते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोघांसाठीही ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यांची यात्रा धर्मांतराने संपली असे मानणाऱ्या चरित्रकारांना ही शेवटची दोन वर्षे अडचणीची वाटतात; ती पुरवणी ठरवली जातात. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ आरंभीच्या थोड्या अध्यायांपाशी थांबले होते. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला; शाळेचे शिक्षण जवळजवळ नसलेल्या, पतीच्या बाप्तिस्म्याने एके काळी हादरून गेलेल्या या स्त्रीने. तो ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९३८ मध्ये छापला गेला.