‘कॉन्सन्ट्रेशन’ : मराठी पर्यायांचा अर्थविचार

परभाषेतील एका शब्दास स्वभाषेत एकच प्रतिशब्द असावा, ही अपेक्षा परिभाषेच्या कार्यात वारंवार डोकावते. ‘कॉन्सन्ट्रेशन’ या इंग्रजी शब्दाच्या बाबतीत ती मुळीच पुरी होत नाही. मानसशास्त्राचा अभ्यासक त्यास ‘एकाग्रता’ म्हणतो, रसायनशास्त्राचा ‘संहती’, अर्थशास्त्राचा ‘केंद्रीकरण’. इतिहासलेखनात तर ‘छळछावणी’ या समासात मूळ शब्दाचा मागमूसही उरत नाही. हे मराठीचे दारिद्र्य की विवेक, याचा निर्णय केवळ कोश चाळून होणार नाही. शब्द प्रत्यक्ष ज्या ठिकाणी कामास येतात तेथे त्यांची परीक्षा करावयास हवी. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचा पट्टा या परीक्षेस विशेष अनुकूल आहे. अभ्यासिका, रसायनांचे कारखाने, दाट लोकवस्ती आणि लष्करी छावणीच्या जागी वसलेले शहर ही सारी तेथे शेजारी शेजारी नांदतात.

प्रथम व्युत्पत्तीचा विचार करू. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘केंत्रुम’ आहे व त्याच्याही मागे ग्रीक ‘केंत्रोन’. ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ अणकुचीदार टोक. त्यावरून कंपासाचे रोवलेले टोक आणि पुढे वर्तुळाचा मध्य. हाच ग्रीक शब्द ज्योतिषाच्या द्वारे संस्कृतात येऊन ‘केंद्र’ झाला. ‘कॉन्सन्ट्रेशन’ आणि ‘केंद्रीकरण’ हे शब्द म्हणजे एकाच घराण्याच्या दोन शाखा होत. ‘एकाग्र’ हा शब्द मात्र स्वतंत्र परंपरेतला. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र व निरुद्ध अशा पाच भूमी सांगितल्या आहेत. ‘अग्र’ म्हणजेही टोकच. तथापि ग्रीक टोकाभोवती वर्तुळ आखले गेले, संस्कृत टोक एकाच दिशेस रोखलेले राहिले. म्हणून चित्त ‘एकाग्र’ होते, ते ‘केंद्रीकृत’ होत नाही. घरोघरी मुलांना ‘मन लावून अभ्यास कर’ असे सांगितले जाते. त्या प्रयोगात वर्तुळ नाही आणि टोकही नाही, केवळ जडणे आहे. तिन्ही रूपके भिन्न असल्याने त्यांची अदलाबदल करता येत नाही.

लोकवस्तीसंबंधीच्या लेखनात हा भेद पाळला जात नाही. १८५३ साली लोहमार्ग ठाण्यापर्यंत आला, १८५४ मध्ये कल्याणपर्यंत. पुढे या मार्गाच्या आधाराने वस्ती वाढत जाऊन २०११ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत १८ लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत १२ लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. या घटनेस ‘लोकसंख्येचे केंद्रीकरण’ म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः डोंबिवलीस जे घडले ते याच्या उलट होय. नोकऱ्यांचे केंद्र दीर्घकाळ मुंबईत राहिले आणि माणसे परिघावर साठली. रोज सकाळी गाडी पकडणाऱ्या चाकरमान्यास हे निराळे सांगावयास नको. केंद्रीकरणास केंद्र लागते. जेथे साठा आहे पण केंद्र नाही, तेथे मराठीचे ‘एकवटणे’ हे क्रियापद अधिक यथार्थ ठरते. मोल्सवर्थच्या कोशाने नोंदलेले हे क्रियापद लक्ष, बळ, सैन्य, वस्ती या सर्वांस चालते. ‘नोकऱ्या मुंबईत केंद्रित झाल्या, वस्ती डोंबिवलीस एकवटली’ या वाक्यात जो कार्यकारणभाव दिसतो, तो दोन्हीकडे ‘केंद्रीकरण’ योजल्याने झाकला जातो.

रसायनाच्या क्षेत्रात प्रश्न अधिक गंभीर होतो. शालेय पाठ्यपुस्तकांनी येथे दोन जोड्या ठरविल्या आहेत. आम्लाच्या अंगभूत गुणधर्मासाठी तीव्र व सौम्य, द्रावणातील प्रमाणासाठी संहत व विरल. व्यवस्था निर्दोष आहे. ॲसिटिक आम्ल कितीही संहत केले तरी सौम्यच राहते. हायड्रोक्लोरिक आम्ल विरल केले तरी तीव्रच. परंतु व्यवहारात ‘तीव्र’ म्हणजे जहाल आणि ‘सौम्य करणे’ म्हणजे पाणी घालणे. त्यामुळे दोन्ही जोड्या एकमेकींत मिसळतात. ‘संहत’ हा शब्द तर शाळेबाहेर क्वचितच कोणाच्या तोंडी असतो. संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात सोडावे, पाणी आम्लात सोडू नये, ही सूचना ज्याच्यासाठी लिहावयाची त्यास ‘संहत’ कळला नाही तर सूचना लिहून न लिहिल्यासारखीच. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ व २३ मे २०२४ रोजी प्राणघातक स्फोट झाले. त्यांची कारणे शब्दांत नव्हेत. परंतु अशा वसाहतीत शब्दांची सुबोधता ही केवळ पंडिती हौस राहत नाही, एवढे निश्चित. दूध आटवणे, काढा आटवणे हे प्रयोग सर्वांच्या परिचयाचे आहेत. पाणी उडून गेले, द्रव्य राहिले, प्रमाण वाढले ही संपूर्ण प्रक्रिया ‘आटवणे’ या एका क्रियापदात सामावते. संहतीची ओळख येथून करून दिली असती, तर तो शब्द परका वाटला नसता.

शेवटचा प्रयोग छावणीचा. ‘कॉन्सन्ट्रेशन कॅम्प’ या इंग्रजी संज्ञेत लोकांना एका जागी आणणे एवढेच सांगितले आहे. आणल्यावर काय केले, याविषयी ती मौन पाळते. मराठी ‘छळछावणी’ ते मौन मोडते. दाखाऊच्या बाबतीत हा निवाडा सर्वथा योग्य होय. पण याच संज्ञेखाली १९०० ते १९०२ या काळात ब्रिटिशांनी दक्षिण आफ्रिकेत उभारलेल्या छावण्याही येतात. तेथे सुमारे २८ हजार बोअर, मुख्यतः मुले, रोगराईने व अन्नाच्या टंचाईने दगावली. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांतही हजारो मेले. तेथील घोर अनास्थेस ‘छळ’ म्हणावे काय, हा इतिहासकाराने सोडवावयाचा प्रश्न आहे. मराठी समास तो आधीच सोडवून टाकतो. उलट ट्रेब्लिंकासारख्या ठिकाणी, जेथे संहार हाच हेतू होता, तेथे ‘छळ’ फार अपुरा पडतो. मात्र या समासाचा एक लाभ नोंदला पाहिजे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित मोठ्या संख्येने एकत्र आणले गेले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराचे भाग आजही कॅम्प क्रमांकांनी ओळखले जातात. नुसती ‘छावणी’ आश्रयाची असू शकते, हे मराठीने ‘छळ’ हे पद वेगळे जोडून सुरक्षित ठेवले आहे.

एकूण पाहता, पर्यायांची अनेकता हा दोष नव्हे. काय एकत्र येते, कोणी आणले आणि कोठे, हे प्रश्न इंग्रजी शब्द विचारीत नाही. मराठीस ते विचारल्यावाचून शब्द निवडता येत नाही. दोष आहे तो हे पर्याय स्वल्पविरामांनी एका ओळीत मांडून निवडीचा निकष न देणाऱ्या कोशरीतीत, आणि ‘एकवटणे’, ‘आटवणे’ यांसारख्या चालत्या क्रियापदांस परिभाषेच्या दाराबाहेर उभे करण्याच्या सवयीत. प्रत्येक पर्यायापुढे त्याचे कर्म लिहावे, म्हणजे चित्त, द्रावण, वस्ती की माणसे हे स्पष्ट करावे. एवढी एक शिस्त पाळली, तरी अर्थाचे पुष्कळसे घोटाळे उद्भवण्यापूर्वीच मिटतील.