एका बल्लवाचार्याचा चरित्रपट व त्याचे प्रेक्षक

दिवंगत माणसाचें चरित्र रचणाऱ्यावर दोन ऋणें असतात. एक त्या माणसाचें व दुसरें वाचकाचें. एक फेडूं गेल्यास दुसरें बुडतें, असा प्रसंग त्याच्यावर वारंवार येतो. अमेरिकेंतील प्रख्यात बल्लवाचार्य अँथनी बोर्डेन यांच्यावर मॉर्गन नेव्हिल यांनीं काढलेला ‘रोडरनर’ हा अनुबोधपट २०२१ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां प्रेक्षकांत जें वादळ उठलें, त्याच्या मुळाशीं हाच प्रश्न होता. हा चित्रपट आम्हीं सांगलीस, घरच्या मंडळींसमवेत पाहिला. तो संपल्यावर आमच्याच घरांत दोन तट पडले. तेव्हां त्या वादाचा थोडा विचार करावा, असें मनांत आलें.

बोर्डेन कोण होते, हें कित्येक वाचकांस ठाऊक असेलच. तथापि थोडक्यांत सांगतों. न्यूयॉर्क येथील एका फ्रेंच उपाहारगृहांत ते मुख्य आचारी होते. २००० सालीं ‘किचन कॉन्फिडेन्शियल’ या पुस्तकानें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें, आणि पुढें देशोदेशींच्या पंक्तींस बसून तेथील माणसांस बोलतें करणें हाच त्यांचा व्यवसाय झाला. २०१४ सालीं दाखविलेल्या एका भागासाठीं ते आपल्या पंजाबांतही येऊन गेले होते. ८ जून २०१८ रोजीं, फ्रान्समध्यें चित्रीकरण चालू असतां, वयाच्या ६१ व्या वर्षीं त्यांनीं आपल्याच हातानें आपलें जीवन संपविलें.

चित्रपट पाहून पुष्कळ प्रेक्षक गहिंवरले, हें खरें. परंतु जे रागावले, त्यांची पहिली तक्रार आवाजाविषयीं होती. चित्रपटांत कांहीं ठिकाणीं बोर्डेन यांचा जो आवाज ऐकूं येतो, तो त्यांचा नाहीं. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून यंत्राकडून घडविलेला आहे. शब्द त्यांचेच, पण त्यांनीं ते लिहिले होते, उच्चारले नव्हते. एक वाक्य तर त्यांनीं एका चित्रकार मित्रास खासगी पत्रांत लिहिलेलें होतें. ही गोष्ट चित्रपटांत कोठेंही सांगितलेली नाहीं. दिग्दर्शकांच्या मुलाखतींतून ती मागाहून बाहेर आली. संबंधितांची संमति घेतली होती, असें नेव्हिल म्हणाले; तेव्हां बोर्डेन यांच्या विभक्त पत्नीनें आपण तशी संमति दिली नसल्याचें जाहीर केलें.

आमच्या घरांतील तरुण मंडळींचें म्हणणें असें कीं, शब्द खरे असतां आवाजाचा एवढा बाऊ कशाला? नाटकांत नट दुसऱ्याचें भाषण बोलतोच कीं नाहीं? हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु नट हा नट आहे हें प्रेक्षकास ठाऊक असतें. तो करार पडदा उघडण्यापूर्वींच झालेला असतो. अनुबोधपटाचा करार निराळा आहे. येथें जें दिसतें व ऐकूं येतें तें घडलेलें आहे, या विश्वासावर प्रेक्षक डोळे पुसतो. शिवाय पत्र लिहिणारा माणूस तें मोठ्यानें वाचील तेव्हां कोठें थांबेल, कोणत्या शब्दावर हंसेल, हें त्याच्यावांचून कोणास सांगतां येणार? पडद्यावर एक ओळ लिहून हें कळविलें असतें, तर आमची तक्रार बरीचशी मिटली असती. दोष यंत्राचा कमी व लपविण्याचा अधिक आहे.

दुसरी तक्रार आम्हांस याहून गंभीर वाटते. उत्तरार्धांत चित्रपट बोर्डेन यांच्या मृत्यूचें कारण शोधूं लागतो आणि नकळत त्यांच्या अखेरच्या काळांतील सहचारिणीकडे बोट दाखवितो. तिची बाजू मात्र तिच्याकडून ऐकलेली नाहीं. आत्मघातामागें एकच कारण व एकच अपराधी शोधणें हें दुःखितांच्या स्वभावांत असतें, आणि बोर्डेन यांच्या मित्रांनीं तसें केलें तर त्यांस कोण दोष देईल? परंतु दिग्दर्शकानें त्यांच्या शोकास पुरावा मानूं नये. या चित्रपटांत तसें झालें आहे.

असें असूनही हा चित्रपट टाकाऊ आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. मित्रांच्या बोलण्यांत प्रेमाइतकाच रागही आहे, आणि तो राग झांकलेला नाहीं. शेवटीं तोच चित्रकार मित्र भिंतीवरील बोर्डेन यांचें भव्य चित्र रंग फांसून विद्रूप करतो. आमच्या घरांतील वडील मंडळींस तें पाहवलें नाहीं. आम्हांस मात्र तो प्रसंग साऱ्या चित्रपटांत सर्वांत प्रामाणिक वाटला. माणसाचा देव करूं नका, हें त्यांत शब्दांवांचून सांगितलें आहे.

हें सर्व पाहत असतां आम्हांस वारंवार आठवण होत होती ती ‘रुचिरा’कर्त्या कमलाबाई ओगले यांची. त्यांचा जन्म १९१३ चा, कुंडल गांवचा. हें गांव तेव्हां औंध संस्थानांत होतें. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. त्या जिल्ह्यांत तें आज आहे. बाईंचें शालेय शिक्षण अगदीं थोडें. १९७० सालीं त्यांचें पुस्तक निघालें आणि मराठी मुलीच्या सासरच्या सामानांत, पुढें परदेशच्या प्रवासांतही, त्यास जागा मिळाली. त्याचें मर्म मापांत आहे. तोळे व शेर न सांगतां त्यांनीं वाटी व चमचा सांगितला. म्हणजे नवशिक्या मुलीच्या हातांत जें असेल तेंच माप मानलें. १९९९ सालीं त्या निवर्तल्या.

आमच्या घरांतील ‘रुचिरा’च्या प्रतीवर तेलाचे डाग आहेत. अनारशांच्या पानावर आमच्या दिवंगत मावशींनीं शिसपेनीनें आपली दुरुस्ती लिहून ठेविली आहे. तें अक्षर पाहिलें कीं मावशी समोर उभ्या राहतात. पण त्यांचा आवाज कोणी यंत्रांतून काढून आम्हांस ऐकविला, तर आम्ही कानांवर हात ठेवूं. चित्रपट पाहून उठल्यावर आमच्या घरांतील एका तरुण मुलीनें तीच प्रत काढून तें पान पाहिलें व ती म्हणाली, “हें मात्र त्यांचें स्वतःचें.” आवाजाच्या वादांत तासाभरापूर्वीं ती दिग्दर्शकाच्या बाजूनें भांडत होती.

उद्यां कोणी कमलाबाईंवर अनुबोधपट काढावयास पुढें येईल, तर आम्हांस आनंदच होईल. त्यानें सातारा-सांगलीकडील घरांत जाऊन अशा डागाळलेल्या प्रती उघडाव्या, त्यांतील दुरुस्त्या वाचाव्या, त्या लिहिणारींस बोलूं द्यावें. जेथें बाईंचा आवाज मिळणार नाहीं, तेथें त्यानें स्तब्धता ठेवावी. ‘रोडरनर’च्या प्रेक्षकांनीं रागावून जें मागितलें तें एवढेंच होतें, आणि तें मागणें आम्हांस न्याय्य वाटतें.