परवाना कोणाचा, पिठा कोणाचा?

उत्तन-पालीसारख्या किनारी गावांतल्या पिठ्याचा इतिहास आपले अभ्यासक १८८२च्या ठाणे गॅझेटियरवरून लिहितात, आणि तो महसुलाचा इतिहास होऊन बसतो. १८७८चा अबकारी कायदा, मग मोहफुलांवर निर्बंध घालणारा १८९२चा कायदा. सगळा हिशेब सरकार आणि मक्तेदार यांच्यातला. ताड छेवणारा भंडारी त्यात भेटतो तो करापुरता किंवा गुन्ह्यापुरता. त्याची माडी पिणारा कोळी, ख्रिस्ती शेतकरी तर तेवढाही नाही. दप्तरात परवाना ज्याच्या नावे, त्यालाच पिठ्याचा धनी मानणे ही या लेखनाची मूळ खोट आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्याने तर पिणाऱ्यालाही परवाना लावला. (तो आजही लागतो, हे किती जणांना ठाऊक असते?) पिठ्याचे गिऱ्हाईक सरकारी कागदावर आले ते असे, परवानाधारक म्हणून.