कुटुंब मोडणाऱ्यांचे कुटुंब

कंबोडियातील ख्मेर रूज राजवटीचा विषय निघाला की एक स्पष्टीकरण हमखास पुढे येते : अडाणी खेडुतांनी शहरावर उगवलेला तो सूड होता. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे. त्यात हत्याकांडाचा सगळा भार निरक्षर माणसाच्या डोक्यावर जातो आणि शिकलेला माणूस केवळ बळी किंवा साक्षीदार ठरतो. इतिहास मात्र उलटी साक्ष देतो.

पोल पॉटचे मूळ नाव सालोथ सार. बाप सधन शेतकरी, थोरला भाऊ राजवाड्यात नोकरीला, एक चुलत बहीण आणि एक सख्खी बहीण राजा मोनिवाँगच्या अंतःपुरात. १९४९ साली तो शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला, नापास होऊन परतला आणि नॉम पेन्हमधील खाजगी विद्यालयात शिक्षक झाला. १९५६ साली त्याने ख्यू पोनारी या शिक्षिकेशी लग्न केले. तिची धाकटी बहीण थिरिथ पॅरिसला इंग्रजी साहित्य शिकलेली. तिचा नवरा येंग सारी. सत्ता आल्यावर पोल पॉट पंतप्रधान, साडू परराष्ट्रमंत्री आणि मेहुणी समाजकल्याणमंत्री! सोन सेनकडे संरक्षण, तर त्याची पत्नी युन यात हिच्याकडे शिक्षण व संस्कृती. राष्ट्रप्रमुख ख्यू सांफान हा पॅरिसचा अर्थशास्त्रातील डॉक्टर. ता मोकसारखे खेड्यातून आलेले सेनानीही होते. पण त्यानेही आपल्या प्रदेशात मुली-जावयांना अधिकाराच्या जागा दिल्या.

याच मंडळींनी इतरांच्या कुटुंबांचे काय केले? १७ एप्रिल १९७५ नंतर शहरे रिकामी केली. घरची चूल बंद करून सामुदायिक भोजनगृहे काढली, मुले आईबापांपासून तोडली. पक्षाने स्वतःला ‘अंगकार’, म्हणजे संघटना, हे नाव घेतले आणि लग्नेही अंगकारच्या हुकमाने लावली. या सक्तीच्या विवाहांना न्यायालयाने २०१८ साली मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवले.

माणसांचे दोन थर पाडले : ‘मूळ लोक’ आणि शहरातून हाकललेले ‘नवे लोक’. कुणाच्या ताटात किती पडणार, कुणावर संशय घेतला जाणार, हे त्यावर ठरे. जन्म आणि पूर्वजीवन पाहून माणसाची पायरी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कार्यकर्त्यांना आपली वर्गीय कुळकथा पुनःपुन्हा लिहावी लागे. नेत्याची कुळकथा मात्र झाकलेली. १९७६ च्या निवडणुकीत पोल पॉट रबरमळ्यातील कामगारांचा प्रतिनिधी म्हणून पुढे आला!

हा साधा वशिला होता असेही म्हणता येत नाही. पोल पॉटचा भाऊ लोथ सुओंग इतरांसारखाच शहरातून हाकलला गेला. देशाचा सर्वेसर्वा आपला भाऊ आहे, हे त्याला १९७८ साली भिंतीवरच्या चित्रावरून कळले. रक्ताचे नाते टिकले नाही. टिकले ते पॅरिसच्या अभ्यासमंडळातून आणि भूमिगत काळातून घट्ट झालेले वर्तुळ. जनतेच्या नावाने चाललेल्या या राज्यात वर्तुळाबाहेरच्या कुणालाही प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. आतल्यांनाही नव्हता. मंत्री हू निम १९७७ साली मारला गेला. १९९७ साली सोन सेन, युन यात आणि त्यांचे नातलग पोल पॉटच्याच हुकमाने संपले.

या राजवटीत सुमारे १५ ते २० लाख माणसे मेली. एका शाळेच्या इमारतीत एस-२१ हा तुरुंग उभा राहिला. किमान बारा हजार माणसे तेथून मरणाकडे गेली. त्याचा प्रमुख दुच हा गणिताचा शिक्षक होता.

घरातला पहिला पदवीधर आणि पेशाने शिक्षक म्हणून मला ही यादी अस्वस्थ करते. शिक्षणाने माणूस आपोआप मुक्तिदाता होत नाही. आपण शोषितांच्या वतीने बोलतो, तेव्हा त्यांनी आपल्याला अडवण्याची, हिशेब मागण्याची आणि पदावरून उतरवण्याची सोय आपल्या संघटनेत आहे काय? नसेल तर ‘जनता’ हा शब्द आपल्याही तोंडी मुखवटाच ठरेल. कंबोडियाचे खापर खेडुताच्या माथी फोडणारे टीकाकार नेमका हाच प्रश्न टाळतात.