पाहणाऱ्याच्या हाताला काम

नंदुरबारच्या माणिक चौकातील हुतात्मा स्मारकाला शिल्पकलेच्या ग्रंथात स्थान मिळेल, असे मला वाटत नाही. तरीही खानदेशातील सार्वजनिक कलेविषयी लिहायचे तर आरंभ तेथूनच करावा लागतो. नंदुरबार 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. याच चौकात 9 सप्टेंबर 1942 रोजी तिरंगा घेऊन आलेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम ही पाच मुले त्यात गेली. शिरीषकुमारला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते.

या स्मारकाचे बळ त्याच्या जागेत आहे. मुले जेथे पडली तेथेच ते उभे आहे, भर बाजारात. त्याला पाहण्यासाठी वेगळे जावे लागत नाही. भाजीची पिशवी हाती घेऊनही त्याच्यापाशी थांबता येते. 1980 नंतर राज्यभर जवळपास एकाच साच्यात जी हुतात्मा स्मारके बांधली गेली, त्यांतील अनेकांना हे साधले नाही. कुंपण, फाटक, राष्ट्रीय सणाचा पुष्पहार, आणि मग वर्षभर शांतता. पाहणाऱ्याच्या हाताला तेथे काही कामच नसते.

आपल्या जुन्या वीरगळांची गोष्ट निराळी होती. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. गावाची गुरे राखताना मेलेल्या साध्या माणसालाही असा दगड मिळे, आणि मग खालच्या चौकटीत गुरे कोरली जात. पुढे वीराचे नाव विसरले गेले, तरी कित्येक गावांत दगडाला शेंदूर लागत राहिला. 2 नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावणाऱ्या आपल्या वाचकांना यातील मर्म वेगळे सांगायला नको. वॉशिंग्टनमध्ये 1982 साली माया लिन यांनी उभारलेल्या व्हिएतनाम युद्धाच्या काळ्या भिंतीपाशीही हेच घडते: कागद ठेवून, पेन्सिल घासून लोक आपल्या माणसाचे नाव उतरवून घरी नेतात.

माणिक चौकाबाबत माझी तक्रार एकच आहे. शिरीषकुमारच्या तेजात उरलेले चौघे झाकोळले जातात. लंडनच्या एका बागेत जी. एफ. वॉट्स या चित्रकाराने 1900 साली इतरांना वाचवताना मेलेल्या सामान्य माणसांचे स्मारक केले. तेथील फरश्यांवर प्रत्येकाचे नाव आणि तो कसा गेला, एवढेच थोडक्यात लिहिले आहे. वाचणारा तेवढ्यानेच खिळून राहतो. लालदास कोणत्या घरचा, शशिधर तेव्हा काय शिकत होता, हे चौकात मुलांच्या उंचीवर लिहिलेले असावे. म्हणजे बाजाराला आलेल्या आईचे बोट धरून चाललेले पोर थांबेल आणि अडखळत का होईना, मोठ्याने वाचील.