नोमॅडचा उन्हाळा

मे महिन्यात कोराडीत दुपारी एकच काम धड होतं: कूलरसमोर बसून वाचणं. गेले दोन उन्हाळे मी पुण्यातल्या कंपनीचं काम इथल्या घरून करतोय. मधल्या वेळात ‘डिजिटल नोमॅड’ मंडळींचे लेख वाचतो. बँकॉक, सायगाव, बाली, आपला गोवा. आता इतके वाचून झालेत की पुढचा परिच्छेद आधीच कळतो. विमानतळाबाहेर पाऊल टाकताच उकाड्याची थप्पड. मग ट्रॅफिक, त्यात एका स्कूटरवर अख्खं कुटुंब. ऐन मीटिंगमध्ये वाय-फाय जातं. रात्री हातगाडीवरचं झणझणीत सूप. आणि शेवटी लेखकाला उमगतं की या गोंधळातच खरं जगणं आहे. उमगलं की तो पुढच्या देशाला निघतो.

हे लेख वाईट नसतात. काहींची नजर तर फार बारीक असते. पण त्यांत ऊन फक्त लेखकाला लागतं. सूपवाली बाई दिवसभर शेगडीपाशी उभी असते, तरी तिला घाम आल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. ती नुसती हसते.

मला वाटतं, ही खोड हिशेबातून आलीये. माकिमोतो आणि मॅनर्स यांचं ‘डिजिटल नोमॅड’ हे पुस्तक १९९७चं. लॅपटॉप आणि नेटवर्क आलं की माणूस एका जागी बांधलेला राहणार नाही, असं त्यांचं भाकीत. २००७मध्ये टिम फेरिसच्या ‘द फोर-अवर वर्कवीक’नं त्याला पैशाचं गणित जोडलं: कमवायचं भारी चलनात, राहायचं स्वस्त देशात. म्हणजे शहर स्वस्त असणं ही अटच झाली. ते स्वस्त का आहे, हे सूपवालीला विचारलं तर लेखाची मजाच जाते.

मराठीत तर या शब्दानं आणखी पंचाईत होते. नोमॅड म्हणजे भटका. आणि ‘भटक्या जमाती’ हे आपल्याकडे जातीच्या दाखल्यावर लिहिलेलं असतं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, त्यांच्या हिंडण्याफिरण्याची नोंद पोलिसांकडे ठेवली. तो कायदा रद्द झाला १९५२मध्ये. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८०चं. कैकाडी कुटुंब, गाढवांवर संसार, टोपल्या विणत गावोगाव फिरणं. त्यातही ऊन आहे, धूळ आहे, रोज नवी जागा आहे. पण देखावा म्हणून नाही, कारण तिथे राहायचं की निघायचं हे त्यांच्या हातात नाही. थायलंडनं २०२४मध्ये लॅपटॉपवाल्यांसाठी ५ वर्षांचा व्हिसा काढला तेव्हा मला पहिल्यांदा ‘उपरा’च आठवलं. दोन्हीकडे माणसं हिंडतायत, शब्द एकच आहे. बाकी काहीही एक नाही.

इथपर्यंत मी टीकाकार. आता माझंच सांगतो. माझा पगार पुण्याचा आणि खर्च कोराडीचा, म्हणजे फेरिसचंच गणित, जरा घरगुती. आणि मागच्या नवतप्यात मीही तसलाच एक लेख लिहिला. पारा ४५च्या पुढे, औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या, जगदंबेच्या देवळाकडे निघालेले ऑटो, वाळ्याच्या ताटीचा वास. त्यात एक वाक्य माझं फार लाडकं होतं: भर दुपारी डोक्याला गमछा गुंडाळून सायकलवर निघालेला कामगार, ‘जणू उन्हाचाच एक तुकडा’.

तो कामगार माझा शाळेतला दोस्त आहे. वीजकेंद्रात कोळशाच्या बाजूला कंत्राटावर काम करतो. त्याला लेख मोबाइलवर पाठवला. रात्री त्याचा फोन आला.

“हा सायकलवाला मीच ना बे?”

“हो.”

“मग नाव काहून नाही टाकलं? अन् गमछा काय लिहून राहिला? दुपट्टा म्हणते त्याले.”

तुकड्याबद्दल तो काही बोलला नाही, म्हणून मीच विचारलं. म्हणाला, “ते समजलं नाही. मी सेकंड शिफ्टले चाललो होतो.”

एवढीच समीक्षा, पण लेख आडवा झाला. सेकंड शिफ्ट ही गोष्ट माझ्या लेखात कुठेच नव्हती. ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत हे मी गुगल करून लिहिलं होतं. पण माझा कूलर, लॅपटॉप, वाय-फाय ज्यावर चालतं त्या विजेच्या कामाला हा माणूस त्याच उन्हातून जातोय, हे मला सुचलं नव्हतं. मी त्याला देखाव्यात उभा करून मोकळा झालो होतो, सूपवालीसारखा. फरक एवढाच, की सूपवाली तो लेख वाचत नाही. माझ्या दोस्तानं वाचला.

गमछा खोडून मी दुपट्टा केलं. उन्हाचा तुकडाही काढला. त्या जागी काय लिहायचं ते ठरत नाहीये, म्हणून लेख अजून ड्राफ्टमध्येच आहे.

कंपनी आता जुलैपासून ऑफिसात बोलावतेय. मी जाणार आहे. परवा त्याला सांगितलं.

“जा ना बे,” तो म्हणाला. “कूलर मात्र इथंच ठेवून जा.”