इबादत : बंदगी की कवायत?

‘इबादत’ या अरबी संज्ञेसाठी मराठीत सर्रास ‘पूजा’ हा शब्द योजला जातो. तो अपुरा आहे. ‘अब्द’ म्हणजे दास, बंदा. त्याच धातूपासून बनलेल्या ‘इबादत’ या शब्दात दास्य, आज्ञापालन व उपासना हे तिन्ही अर्थ सामावले आहेत, असे मौलाना अबुल आला मौदूदी (१९०३-१९७९) यांनी ‘कुरआन की चार बुनियादी इस्तिलाहें’ या ग्रंथात मांडले. औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) जन्मलेल्या मौलानांचे हे विवेचन शब्दार्थाच्या दृष्टीने भक्कम आहे. मालकाचे काम न करता दिवसभर हात बांधून त्याच्या नावाचा जप करणाऱ्या नोकराचा ‘खुतबात’मधील दाखला तर वाचकाला अंतर्मुख करतो.

अडचण पुढे येते. त्याच ‘खुतबात’मध्ये अजान ही बिगुलासारखी व नमाज ही फौजेच्या कवायतीसारखी ठरते. म्हणजे इबादत हे दुसऱ्या एका कार्याच्या पूर्वतयारीचे साधन होते. मौलाना अबुल हसन अली नदवी यांनी ‘अस्रे हाजिर में दीन की तफहीम व तशरीह’ या पुस्तकात नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले. अल्लाह व बंदा यांचे नाते केवळ शासक व प्रजेचे नाही, त्यात प्रेम व ओढही आहे, हा त्यांचा मुद्दा. ही टीका परक्याची नव्हे, हेही लक्षात घ्यावे. जमाअते इस्लामीच्या प्रारंभीच्या काळात (१९४१) नदवी मौदूदींसोबत होते.

या वादात शब्दकोशापेक्षा नमाजचे नियम अधिक बोलके आहेत. प्रवाशाला चार रकअतींऐवजी दोन पुरतात. आजाऱ्याला उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर आडवे होऊन, मान हलवून इशाऱ्याने नमाज अदा करता येते. कवायतच हेतू असती, तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे नाव केव्हाच हजेरीपटावरून कमी झाले असते! रात्रीच्या शेवटच्या प्रहरी एकट्याने पढल्या जाणाऱ्या तहज्जुदला तर ना बिगुल, ना रांग. येथे नदवींचे पारडे निश्चित जड आहे.

मात्र नदवींचा आधार घेऊन इबादत मशिदीच्या भिंतीआड बंद करणाऱ्यांनीही सावध असावे. जकात हीसुद्धा इबादतच होय, आणि ती बचतीच्या चाळिसाव्या हिश्शाच्या रूपाने गरजवंताच्या हातात पडल्याखेरीज पुरी होत नाही. ‘अल्-माऊन’ या छोट्याशा सूरहमध्ये नमाजबाबत गाफील, दिखाऊ नमाजींना खडसावले आहे. आणि त्यांचा दोष सांगताना शेजाऱ्याला द्यावयाच्या किरकोळ वस्तूही अडवून धरण्याचा उल्लेख केला आहे. मौदूदींचा तो हात बांधून उभा असलेला नोकर येथे पुन्हा आठवतो.